रेस कमी, काम जास्त : ट्रायल्सच्या गाड्यांबद्दल वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात ट्रायल्सच्या खेळाची ओळख करून दिली होती. दगड, ओढा, चढउतार यांतून आखलेला छोटा टप्पा पाय न टेकवता पार करायचा. एकदा पाय टेकला तर १ गुण, दोनदा २, त्याहून जास्त वेळा टेकला तर ३, पडलात किंवा आखणीबाहेर गेलात तर ५. ज्याचे गुण सगळ्यात कमी, तो जिंकला. त्यानंतर आलेली बहुतेक पत्रं गाडीच्या बिघाडांची आहेत, म्हणून ही खेप पूर्ण दुरुस्तीला.

प्रश्न : पुण्याहून जुनी स्पॅनिश २८० सीसी टू-स्ट्रोक ट्रायल्स घेतली. थंड असताना चोकवर लगेच चालू होते. गरम झाली की रेस सोडली तरी आवाज चढलेलाच राहतो, मग एकदम खाली येऊन बंद पडते. एका गॅरेजवाल्याने कार्बोरेटरमधला मेन जेट (पेट्रोल मोजून सोडणारा भोकाचा पितळी तुकडा) बदलला, फरक नाही. दुसरा म्हणतो बोअर-पिस्टन करावं लागेल. काय करू? (सातपूर)

इंजिनाला अजिबात हात लावू देऊ नका. आणि मेन जेट बदलून तुमचा त्रास जाणारच नव्हता. मेन जेटचं काम सुरू होतं ते रेस जवळजवळ पूर्ण उघडल्यावर. ट्रायल्समध्ये मनगट पहिल्या पाव पिळाच्या पुढे क्वचित जातं, आणि त्या पट्ट्यात कारभार असतो स्लो जेट (कमी रेसचं पेट्रोल सोडणारा), एअर स्क्रू (त्यात मिसळणारी हवा ठरवणारा) आणि स्लाइडच्या, म्हणजे रेस पिळल्यावर वर सरकणाऱ्या पडद्याच्या, खालच्या कापाचा. रस्त्यावरच्या गाड्या करणाऱ्या मेकॅनिकचा हात आधी मेन जेटकडे जातो, कारण त्याच्याकडे येणारं गिऱ्हाईक 'टॉपला पळत नाही' अशी तक्रार घेऊन येतं. तुमची गरज उलटी आहे.

कार्बोरेटर उतरवा, खालची वाटी उघडा. आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी महिना-दीड महिना उभी राहिली की वाटीच्या तळाशी पांढरट खरपुडी आणि चिकट थर सापडतो. स्लो जेट बाहेर काढून खिडकीकडे धरा आणि आरपार बघा. भोक गोल आणि स्वच्छ दिसलं पाहिजे. अर्धचंद्र दिसला तर जेट तुंबलाय. तार घालू नका, पितळ मऊ असतं, भोक मोठं होईल आणि मग कुठलंच सेटिंग जुळणार नाही. कार्ब क्लीनर मारा, कंप्रेसरची हवा द्या, पुन्हा उजेडाला धरा. जेट जिथे बसतो ती आतली वाटही तशीच साफ करा, ती बरेचजण विसरतात.

बसवल्यावर एअर स्क्रू अलगद पूर्ण आत न्या आणि दीड फेरा बाहेर काढा. गाडी नीट गरम करा. मग पाव-पाव फेरा आत-बाहेर करत जिथे आयडलिंग सगळ्यात वर आणि एकसारखं लागतं, तिथे थांबा. नंतर आयडलिंगचा स्क्रू सोडून आवाज खाली आणा.

एवढं करूनही आवाज लटकला, तर कुठून तरी बाहेरची हवा आत जातेय. कार्ब आणि इंजिन यांच्यामधला रबर वाकवून बघा, चिरा बाहेरून दिसत नाहीत. क्लिपा आवळा. त्यातही काही सापडलं नाही तर मॅग्नेटच्या (क्रँकवर फिरणाऱ्या चुंबकाच्या चाकाच्या) बाजूचं क्रँकचं ऑइल सील बघायला हवं. गिअरबॉक्सच्या बाजूचं सील गेलं असेल तर खूण वेगळी असते: सायलेन्सरमधून पांढरा धूर आणि गिअरबॉक्समधलं ऑइल आपोआप कमी. दोन्ही सीलं बोअर-पिस्टनच्या मानाने किरकोळ खर्चाची आहेत.

एक विनंती. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि वहीत लिहा. तुमच्या गाडीवर दोन हात फिरून गेलेत, त्यामुळे आधी मूळचा मेन जेट परत बसवा आणि तिथून सुरुवात करा.

प्रश्न : हिवाळ्यात सकाळी क्लच पूर्ण दाबून पहिला गिअर टाकला तरी गाडी उडी मारून बंद पडते. मेकॅनिकने क्लचचं ऑइल बदलून दिलं, तेव्हापासून लिव्हरही जड झाला आहे. (दिंडोरी)

दोन वेगळ्या तक्रारी आहेत. लिव्हरची आधी बघा, ती जास्त घाईची आहे.

हँडलवरच्या क्लचच्या डबीचं झाकण पुसून त्यावर काय लिहिलंय ते वाचा. काही ट्रायल्स गाड्यांच्या क्लचमध्ये डॉट-४ ब्रेक ऑइल चालतं. मागुरा कंपनीच्या आणि ब्राकटेक कंपनीच्या अलीकडच्या क्लचमध्ये मात्र मिनरल ऑइल लागतं. मिनरलच्या जागी ब्रेक ऑइल गेलं की आतले रबर फुगतात, पिस्टन अडकतो, लिव्हर जड होतो आणि क्लच पूर्ण सुटत नाही. तुमच्याकडे हेच झालेलं दिसतं. सगळं ऑइल काढा, वरचं-खालचं दोन्ही सिलिंडर खोलून पुसा आणि दोन्हीकडचे रबर नवे टाका. फुगलेला रबर पुन्हा मूळ मापाला येत नाही. पुढच्या-मागच्या ब्रेकला मात्र डॉट-४च, तिथे मिनरल घालून उलटा घोळ करू नका.

मिनरल ऑइल मोटारसायकलच्या दुकानात शोधत बसू नका. बऱ्याच चांगल्या सायकलींच्या हायड्रॉलिक ब्रेकमध्ये तेच लागतं आणि नाशिकसारख्या सायकलवेड्या गावात ते मिळणं अवघड नाही. २०१५ साली महाजन बंधूंनी अमेरिका आडवी पार करणारी रॅम शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून इथल्या दुकानांत सायकलचं भारी सामान दिसायला लागलं, त्याचा आपल्यालाही फायदा. ऑइल भरताना वरून लिव्हर मारत बसण्यापेक्षा इंजिनाकडच्या, हवा काढायच्या निपलला सिरिंज लावून खालून वर हळूहळू ढकला. हवा स्वभावाने वर जाते, तिला वाट द्या. डबीत बुडबुडे यायचे थांबले की झालं. डबी भरून सांडणार नाही याकडे लक्ष ठेवा.

आता सकाळची उडी. रात्रभर उभ्या गाडीत ऑइल घट्ट होतं आणि क्लच प्लेटा एकमेकींना चिकटतात. निफाड-दिंडोरीकडची थंडी तुम्हाला मी काय सांगणार! चालू करण्याआधी गिअर टाका, क्लच दाबा आणि गाडी मागेपुढे ढकला. प्लेटा सुटल्या की चाक मोकळं झालेलं हाताला कळतं. मग न्यूट्रल करून किक मारा. रोज एवढं केलं तरी पुष्कळांचा प्रश्न इथेच संपतो.

संपला नाही तर प्लेटा बाहेर काढा. बीटा कंपनीच्या गाड्यांत घर्षणाच्या तुकड्यांच्या कडेने कारखान्यातला वाळलेला गोंद राहिलेला असतो आणि तोच चिकटतो. तुकड्याला धक्का न लावता ब्लेडने तो खरवडून काढायचा. काम किचकट आहे, एका बैठकीत करा. गिअरबॉक्समध्ये पातळ ऑइल हवं. बरेच ट्रायल्सवाले एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गाड्यांच्या गिअरबॉक्सचं ऑइल वापरतात आणि क्लच त्यावर छान सुटतो. कारचं इंजिन ऑइल घालू नका, प्लेटा घसरतील.

प्रश्न : काका, माझी गाडी सरावात मध्येच बंद पडते. प्लग काढून बघितला तर स्पार्क नसतो. पंधरा-वीस मिनिटांनी पुन्हा चालू होते. सीडीआय (स्पार्क देणारा इलेक्ट्रॉनिक डबा) बदलायचा का? तो परदेशातून मागवावा लागेल. (गंगापूर रोड)

थांब, पैसे खर्च करू नकोस. तुझ्या मनगटाला दोरी असते ना, पडल्यावर इंजिन बंद करणारी? तिच्या चुंबकाच्या स्विचची वायर आधी काढून ठेव आणि मोकळ्या सपाट जागेत हळू चालवून बघ. स्पार्क जाण्याचं सगळ्यात स्वस्त कारण तेच असतं: आत चिखल शिरतो किंवा वायर हँडलच्या वळणावर आतून तुटते. तेच निघालं तर नवा स्विच बसवल्याशिवाय सराव करायचा नाही.

तिथे काही नसेल तर गाडी गरम होऊन बंद पडल्या क्षणी मल्टिमीटरने मॅग्नेटमधल्या कॉइलचा रेझिस्टन्स मोज, आणि दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा मोज. दोन आकड्यांत मोठी तफावत आली तर कॉइल गरम झाल्यावर तुटतेय. ती गावातच भरून मिळते, मोटर रिवाइंडिंगवाल्याला जुनी कॉइल नमुन्याला दे. सीडीआय सगळ्यात शेवटी.

प्रश्न : मागच्या ट्यूबलेस टायरची हवा आठवड्यात उतरते. पंक्चरवाला काटा काढून दोरी घालतो, ती दोन दिवसांत बाहेर येते. हवा किती ठेवू? (सिन्नर)

मागे ४ ते ५ पीएसआय, पुढे ६ ते ७. पंपावरच्या मीटरला एवढी कमी हवा मोजताच येत नाही, म्हणून ० ते १५ पीएसआयचा छोटा मीटर घ्या. दगडावर टायर पसरला पाहिजे, पकड तिथूनच येते. त्यासाठीच हा टायर पातळ आणि लुसलुशीत केलेला असतो, आणि म्हणूनच त्यात दोरी टिकत नाही: प्रत्येक दगडावर टायर वाकतो आणि दोरी थोडी थोडी बाहेर सरकते. टायर काढून आतून पॅच लावा. आपल्याकडे बाभळीला तोटा नाही, तेव्हा टायर उतरवायला शिकूनच घ्या.

काटा सापडत नसेल तर चाक साबणाच्या पाण्यात फिरवा. काही रिमांमध्ये आरे रिमच्या मधोमध बसवलेले असतात आणि आतून रबरी पट्टा असतो. तो सरकला की आऱ्याच्या बुडाशी फेस येतो. कडेला फेस आला तर रिमवर माती अडकलीय. आपला काळा बसाल्ट खरखरीत आहे, टायरच्या ठोकळ्यांच्या कडा लवकर गोल होतात. त्या गोल झाल्या की टायर उलटा बसवा, मागची धारदार कडा पुढे येते.

प्रश्न : इगतपुरीच्या पावसात सरावानंतर वॉशिंग सेंटरला धुतो. तरी मागचा सस्पेन्शन करकरतो. (घोटी)

'तरी' नाही, त्यामुळेच. प्रेशरचं पाणी लिंकेजच्या (मागच्या सस्पेन्शनच्या जोडांच्या) बेअरिंगमधलं ग्रीस धुऊन काढतं. साध्या पाइपने आणि ब्रशने धुवा, एअर फिल्टरच्या डब्याचं तोंड बांधून ठेवा. पावसाळ्याआधी आणि नंतर लिंकेज, स्विंगआर्म आणि हँडलचं बेअरिंग खोलून ग्रीस भरा. आणि इंजिनाखालच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याचे एलन बोल्ट बघा: खाचेत बारीक खडा ठासून बसतो आणि चावी आत जातच नाही. दाभणाने तो काढा, खाच साफ करा आणि ग्रीसने भरून टाका, म्हणजे पुढचा खडा सहज निघेल.

प्रश्न : आयात गाडी परवडत नाही. घरच्या आरएक्स १०० ची ट्रायल्स करता येईल का? सराव अंजनेरीकडे करायचा विचार आहे. (अंबड)

करता येईल, आणि शिकायला ती उत्तम गाडी आहे. पुढचं स्प्रॉकेट कमी दातांचं, मागचं जास्त दातांचं टाका. पहिल्या गिअरमध्ये गाडी माणसाच्या चालीने चालली पाहिजे. फूटरेस्ट खाली आणि थोडे मागे घ्या. कमी रेसवर इंजिन बंद पडू नये म्हणून ट्रायल्सच्या गाड्यांचं मॅग्नेट जड असतं. अंबड-सातपूरचे लेथवाले मॅग्नेटला वजनाचं कडं करून देतील, पण बॅलन्स केल्याशिवाय आणि पक्कं बसवल्याशिवाय किक मारायची नाही. हे इंजिन हवेवर थंड होतं आणि टप्प्यात हवा लागत नाही, म्हणून दोन टप्प्यांच्या मध्ये गाडी बंद करून थांबा. कमी रेसवर सायलेन्सरमध्ये ऑइल साचतं, आतली जाळी अधूनमधून काढून साफ करा.

असे बदल केलेली गाडी रस्त्यावर चालवू नका, मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ मध्ये ते बसत नाही. छोटा हत्ती करून न्या.

अंजनेरीला मात्र जाऊ नका. ते राखीव क्षेत्र आहे, तिथल्या पठारावर त्याच डोंगराच्या नावाचं कंदीलपुष्प उगवतं आणि आपल्या टायरखाली असली झाडं टिकत नाहीत. पांडवलेणीच्या डोंगराचंही तेच, किल्ल्यांचंही तेच. बंद पडलेली दगडखाण शोधा आणि मालकाकडून लेखी परवानगी घ्या. पाणी साचलेल्या कड्याच्या बाजूने टप्पा आखू नका आणि एकटे जाऊ नका.