सायकलकट्टा : फोल्डिंग बाटली कुठली घ्यावी?

प्रश्न : डिसेंबरात आम्ही दोघी मैत्रिणी सगळं सामान सायकलवर बांधून मांडव्याहून केळशीला जाणार आहोत. माझी सायकल लहान फ्रेमची. फ्रेम बॅग (फ्रेमच्या त्रिकोणात बसणारी पिशवी) लावली की बाटलीच्या स्टँडला जागाच उरत नाही, म्हणून फोल्डिंग बाटली घ्यायचं म्हणतेय. सिलिकॉनची अर्ध्या लिटरची घेऊ की टीपीयूची, म्हणजे मऊ लवचिक प्लॅस्टिकची, दोन लिटरची पिशवी? नवरा म्हणतो, विकतच्या पाण्याची बाटली घे आणि मोकळी हो.
– एक वाचक, गोरेगाव

उत्तर : नवऱ्याचं म्हणणं अगदीच उडवून लावू नका, त्याच्याकडे आपण पुन्हा येऊच.

फोल्डिंग बाटली ही सायकल चालवता चालवता पिण्यासाठी नसते. अर्धी रिकामी झाली की ती अंग टाकते. स्टँडमधून सटकते, नाहीतर एका हाताने परत आत जाता जात नाही. आणि अलिबागच्या रस्त्यावर दुसरा हात हँडलवरच लागतो. म्हणून आधी साध्या, दाबून प्यायच्या पाऊण लिटरच्या बाटलीची सोय करा. हँडलला, स्टेमच्या (हँडल सायकलला जोडणाऱ्या तुकड्याच्या) बाजूला कापडी स्टेम बॅग बांधता येते, त्यात ती उभी राहते. फ्रेमच्या खालच्या दांड्याच्या पोटाला स्टँड लावायचा सल्ला तुम्हाला कुणीतरी देईलच. लावा, पण तोटीवर टोपण असलेली बाटली ठेवा. कोकणातल्या रस्त्यावर पुढच्या चाकाने काय काय उडतं, ते मी इथे लिहीत नाही.

आता फोल्डिंगचं. ती राखीव साठ्यासाठी. उन्हात चालवताना तासाला साधारण अर्धा ते पाऊण लिटर पाणी लागतं, आणि एक लिटर पाणी म्हणजे एक किलो ओझं, ते चढावर तुमच्याच मांड्यांनी ओढायचं. मांडवा, अलिबाग, रेवदंडा, मुरूड या पट्ट्यात टपऱ्या आणि खानावळी भरपूर, तिथे पिशवी रिकामी गुंडाळूनच राहू द्या. आगरदांड्याहून फेरीने दिघीला उतरलात की पुढे दिवेआगर ते श्रीवर्धन हा शेखाडीचा किनारी रस्ता. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला डोंगर, सावली बेताची. तिथे निघण्याआधी भरा. बागमांडल्याची फेरी घेऊन वेश्वीला उतरलात की केळशीकडच्या चढांआधी पुन्हा एकदा. एवढ्यासाठी दोन लिटरची एक घेण्यापेक्षा एकेक लिटरच्या दोन घ्या, प्रत्येकीकडे एक. एकीला भोक पडलं तरी दुसरी असते.

सिलिकॉनची बाटली दणकट, गरम पाणीही चालतं, पण आकारमानाच्या हिशेबाने जड आणि वास धरून ठेवणारी. एसटी स्टँडवर चहा भरून घ्यायची हौस असेल तर खुशाल घ्या. टीपीयूची हलकी, रिकामी झाली की मुठीत मावेल इतकी गुंडाळी होते. सुरुवातीला प्लॅस्टिकची चव येते, चार-सहा वेळा धुतली की कमी होते. उकळतं पाणी मात्र तिच्यात ओतू नका. तुमच्या कामाला मी टीपीयूच सुचवेन.

दुकानात सगळे लिटर आणि ग्रॅम बघतात, मी तोंड बघते. वाटेत पाणी मिळतं ते बहुतेकदा कुणाच्या तरी पडवीत. "काकू, पाणी मिळेल का?" म्हटलं की काकू आतून कळशी आणि तांब्या घेऊन येतात. अरुंद तोंडाची मऊ पिशवी तुम्ही दोन्ही हातांनी धरता, तांब्याची धार तोंडावर पडते, पिशवीचा गळा मुडपतो, निम्मं पाणी तुमच्या बुटात. काकू हसतात, पण विहिरीवरून आणलेलं पाणी असतं ते. म्हणून तीन बोटं सहज आत जातील असं तोंड आणि धरायला कडक कडं असलेलीच घ्या. हेच तोंड पुढे धुवायलाही कामी येतं. विहिरीच्या पाण्यात क्लोरीनची गोळी टाकलीत तर अर्धा तास थांबून मगच प्या.

पाण्याचा फिल्टर लावणार असाल तरच झाकणाच्या आट्यांचा विचार करा. सॉयर स्क्वीझसारखा फिल्टर २८ मिलिमीटरच्या आट्यांवर बसतो, कॅटाडिन बीफ्री ४२ च्या. २८ ची गंमत अशी की कोल्ड्रिंकच्या बाटलीचा गळाही त्याच मापाचा, त्यामुळे झाकण हरवलं तर बहुतेकदा टपरीवरचं झाकण बसतं. पण २८ म्हणजे तोंड अरुंदच. केळशीच्या वाटेवर फिल्टरची गरज मला तरी दिसत नाही. तुम्ही ४२ घ्या.

भरलेली पिशवी हँडलवर लटकवू नका, सायकल वळायला जड होते. फ्रेम बॅगच्या तळाशी, पेडलच्या दांड्याजवळ ठेवा, आणि झाकण लावण्याआधी दाबून हवा काढून टाका, म्हणजे पाणी डचमळत नाही. कडक बाटलीला हे जमत नाही. शेजारी पाना, चेन टूल किंवा सुटी नाणी नकोत. घरी एकदा पिशवी भरून, वर्तमानपत्रावर आडवी ठेवून, वर दोन जाड पुस्तकं ठेवा आणि झोपा. सकाळी कागद कोरडा असेल तर पास.

नवऱ्याची विकतची बाटली? एक लिटरची रिकामी बाटली फोल्डिंगपेक्षा हलकी आणि जवळजवळ फुकट. तुमच्याकडे जागा असती तर मीही तेच म्हटलं असतं. अडचण एवढीच की ती रिकामी असतानाही तेवढीच जागा अडवते.

प्रश्न : माझ्या टीपीयू बाटलीत पावसाळ्यात काळे ठिपके आले, वासही येतो. फेकू का?
– एक वाचक, मुलुंड

उत्तर : वास असेल तर कोमट पाण्यात चमचाभर खायचा सोडा घालून रात्रभर ठेवा. ठिपके बाटली धुण्याच्या ब्रशने निघाले तर ठीक, नाही निघाले तर फेका. मुंबईच्या जुलैमध्ये घडी घातलेली बाटली आतून कधीच सुकत नाही, आत लाकडी चमचा उभा घालून पंख्याखाली ठेवावी लागते. तेवढाही धीर नसेल तर निथळून सरळ फ्रीझरमध्ये टाका, तिथे बुरशी वाढत नाही. आणि कोकम सरबत, ओआरएस वगैरे साखरेचं काहीही त्यात भरू नका. त्याला कडक बाटली आहे.

प्रश्न : माझ्या टीपीयू बाटलीला घडीवर बारीक भोक पडलंय. ट्यूबचं पंक्चर सोल्युशन चालेल?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : नाही. ते रबरासाठी असतं, टीपीयूवर धरत नाही. टीपीयूला चिकटणारा पॅच मिळतो, तो बाहेरून लावा. पण घडीवरचं भोक पुन्हा पुन्हा उघडतं, तेव्हा त्या बाटलीत आता फक्त भांडी धुवायचं पाणी न्या.