वॉटकिन्स ग्लेनचे धबधबे वीस वर्षांत खरंच बदलतात का?

तुमचा प्रश्न असा, की न्यूयॉर्क राज्यातल्या वॉटकिन्स ग्लेन या धबधब्यांच्या घळीचा २००५ च्या सुमाराचा तुमचा फोटो आणि यंदाचा फोटो शेजारी ठेवले तर तिथला रेनबो फॉल्स ओळखू येत नाही. मग खडक एवढा झिजला का?

बहुधा नाही. बदललंय ते पाणी. रेनबो फॉल्स हा मुख्य ओढ्यावरचा धबधबा नाहीच. बाजूच्या कड्यावरून येणारा एक बारीक ओहोळ तिथे पायवाटेवर पडतो. बर्फ वितळल्यावर किंवा दणकून पाऊस झाल्यावर त्याचा पडदा होतो, ऑगस्टच्या कोरड्या आठवड्यात नुसत्या धारा उरतात. आम्ही न्यू जर्सीवाले पाहुण्यांना नायगराला नेताना वाटेत इथे थांबतोच, आणि ‘मागच्या वेळी जास्त छान होतं’ हे वाक्य दर खेपेला कोणीतरी म्हणतंच. फोटोंची तुलना करायची तर दोन्ही एकाच ऋतूतले हवेत, आणि बघायचं पाण्याकडे नाही, पाणी जिथून सुटतं त्या कातळाच्या कडेकडे.

खडकही बदलतो, पण त्याची रीत निराळी. हिमयुगात हिमनदीने सेनेका सरोवराची दरी खरवडून खोल केली आणि ग्लेन क्रीक, म्हणजे घळीतला तो मुख्य ओढा, दरीच्या बाजूला वर लटकत राहिला. सुमारे १२,००० वर्षांपूर्वी बर्फ हटला तेव्हा तो दरीच्या उतारावरून खाली कोसळू लागला. इथला खडक म्हणजे प्राचीन समुद्राच्या तळाशी साचलेला गाळ: मऊ शेलचे (चिखल घट्ट होऊन बनलेल्या पापुद्रेदार खडकाचे) थर आणि अधूनमधून कठीण वालुकाश्म. पाणी खालचा शेल पोखरतं, वरचा कठीण थर गच्चीसारखा पुढे राहतो, आणि एक दिवस आधार सुटून तुटतो. धबधबा तेवढा मागे सरकतो. म्हणजे आपण प्रवेशद्वारापासून वर चढतो ती अख्खी घळ म्हणजे धबधबे मागे हटत गेल्याची वाट आहे. कठीण थर वेगवेगळ्या उंचीवर असल्यामुळे पाणी टप्प्याटप्प्याने उतरतं. साधारण ३ किलोमीटरमध्ये ४०० फूट उतार आणि १९ धबधबे. हा आकडाही कायमचा नाही; खालचा धबधबा मागे सरकत वरच्याला गाठतो तेव्हा दोघांचा एक होतो.

कॅव्हर्न कॅस्केड या धबधब्याच्या मागून चालत जाता येतं, तिथे जरूर थांबा. पुढे आलेला वरचा थर आणि आत गेलेला खालचा, दोन्ही हाताच्या अंतरावर दिसतात. पुढे ग्लेन ऑफ पूल्समध्ये पाण्याबरोबर गरगर फिरणाऱ्या गोट्यांनी कोरलेले डोह आहेत. निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे पाहिले असतील तर वेगळं समजवायला नको, फक्त तिथला खडक बेसाल्ट आहे.

‘वर्षाला इतके मिलिमीटर’ अशी सरासरी सांगणारी उत्तरं मला फसवी वाटतात. झीज दररोज चालते हे खरं, पण डोळ्यांना दिसणारा बदल झटक्यात येतो. नायगरा गेल्या १२,००० वर्षांत सुमारे ११ किलोमीटर मागे आलाय, पण १९५४ च्या जुलैमध्ये अमेरिकन फॉल्सजवळच्या प्रॉस्पेक्ट पॉइंटचा सुमारे १ लाख ८५ हजार टन खडक एका दिवसात खाली आला. (आता वीजनिर्मितीसाठी बरंच पाणी वळवल्यामुळे नायगराची झीज पूर्वीपेक्षा मंदावली आहे.) वॉटकिन्स ग्लेनमध्ये हे काम हिवाळा करतो. भेगांत शिरलेलं पाणी गोठून फुगतं, कपच्या सुट्या होतात. म्हणूनच घळीतली वाट हिवाळ्यात बंद असते आणि वसंतात कर्मचारी कड्यांवरचे सैल दगड पाडून मगच ती उघडतात. तुमच्या वीस वर्षांत एखाद्या कडेचा तुकडा गेला असेल तर तो असाच.

सगळ्यात मोठा बदल तर माणसाच्या बांधकामात झालाय. जुलै १९३५ च्या पुराने घळीतली वाट उद्ध्वस्त केली. तोवर तिथे काँक्रीटच्या पायऱ्या आणि लोखंडी कठडे होते. नंतर सिव्हिलियन कॉन्झर्वेशन कोअर या तेव्हाच्या सरकारी रोजगार योजनेतल्या तरुणांनी स्थानिक दगड वापरून ती पुन्हा बांधली. त्याआधीचं एखादं जुनं पोस्टकार्ड मिळालं तर आजच्या फोटोशेजारी ठेवून बघा, फरक शोधायला भिंग लागणार नाही.