सिझरनंतर पोट कमी करायची घाई

"ताई, सिझर होऊन दोन महिने झाले तरी पोट सहावा महिना असल्यासारखं दिसतंय, रोज व्यायाम करते तरी उतरत नाही, अजून काय करू?" माझ्याकडे येणाऱ्या बऱ्याच बाळंतिणी हेच विचारतात. पण ही मुलगी (नाव देत नाही) बोलताना खोकला आला की पटकन मांड्या आवळून घ्यायची, ते माझ्या नजरेत भरलं.

दिराचं लग्न तोंडावर आलेलं. सासूबाई म्हणे पोट घट्ट बांध, मैत्रीण म्हणे क्रंचेस (उताणं झोपून डोकं-खांदे उचलायचा पोटाचा व्यायाम) कर, आणि ही पाचव्या आठवड्यापासून दोन्ही करत होती, बाळ झोपलं की यूट्यूब लावून. सासूबाई बाळाला घेऊन बाहेर गेल्या तसं मी सरळच विचारलं, शिंकताना लघवी होते का गं? रडायलाच लागली. पॅड लावून फिरत होती आणि नवऱ्यालासुद्धा बोलली नव्हती. तिला वाटायचं सिझर झालंय म्हणजे हा त्रास व्हायलाच नको, आपल्यातच काहीतरी बिघडलंय. अगं, बाळाचं वजन नऊ महिने ओटीपोटाच्या तळाच्या स्नायूंवरच असतं ना, सिझरमध्ये हा त्रास कमी जणींना होतो, पण होतो.

मग तिला उताणं झोपून, गुडघे दुमडून, डोकं जरासं उचलून स्वतःच बेंबीपाशी बोटं ठेवायला सांगितली. दोन बोटं आरामात आत गेली आणि पोट मधोमध उंच उठलं. गरोदरपणात पोटाचे उभे स्नायू मधून फाकतात, बऱ्याच जणींचे हळूहळू जवळ येतात, पण मध्येच क्रंचेस मारले की जोर त्याच फटीवर येतो आणि पोट उलट पुढे येतं. वरून पट्टा करकचून बांधला की तो सगळा दाब खाली जातो, जिथे आधीच ताकद नाही. पट्ट्याने चरबी जात नाही हे घरातल्या मोठ्यांना पण सांगायला हवं, आधारापुरता सैलसर बांधला तर ठीक आहे.

क्रंचेस बंद. डॉक्टरांकडून टाके तपासून घेतले आणि फिजिओकडे (फिजिओथेरपिस्टकडे) पाठवलं. सुरुवात झाली ती लघवी आणि गॅस एकाच वेळी रोखल्यासारखं तळाच्या स्नायूंना आत खेचायचं, पाच सेकंद धरायचं, पूर्ण सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा, श्वास न कोंडता. लघवी करताना मात्र हा व्यायाम करायचा नाही. सोबत चालणं, म्हणजे चालताना गप्पा मारता येतील इतपतच. पळणं, उड्या तीन महिन्यांआधी नाहीच, आणि तेव्हाही लघवी गळत असेल किंवा खाली जड वाटत असेल तर नाही. थांबलेलं ब्लीडिंग व्यायामाने परत लाल सुरू झालं तर तिथेच थांबायचं आणि डॉक्टरांना फोन करायचा.

आणि ही रात्रीचं जेवण सोडत होती! अंगावर पाजणाऱ्या बाईला पहिले सहा महिने रोज साधारण 600 कॅलरी जास्त लागतात. डिंकाचे चार लाडू नको खाऊस, एक खा, पण भाजी-भाकरी-वरण पोटभर, एवढंच सांगितलं.

लग्नात पोट होतं तसंच होतं, तिने साडी नेसली, बाळाला कडेवर घेऊन मिरवली. लघवी गळायची थांबायला पुढे तीन महिने लागले, फट आता बोटभर राहिलीये. पळायला जायचंय तिला, फिजिओ म्हणतात अजून थोडं थांब.