पाणी कुठवर आलंय ते सांग

पंचवटी, नाशिक
श्रावणातला दुसरा सोमवार

पोरी,

काल रात्री साडेनऊला तुझ्या सासूबाईंचा फोन आला. "सिस्टर, ती म्हणते सगळं ठीक आहे. खरंच ठीक आहे का हो?" दहा मिनिटांत हाच प्रश्न चार वेळा. मी काय सांगणार? तुझं अपेंडिक्सचं ऑपरेशन केलेल्या सर्जनशी माझं बोलणं नाही, केसपेपर माझ्यापुढे नाही. तेवढ्यात मागून तुझ्या पोराचा आवाज आला, "आजी, त्यांना विचार ना, आईचा आवाज असा का झालाय?"

म्हणून हे पत्र. व्हॉट्सॲपवर एवढं लांबलचक पाठवलं तर तू अंगठा दाखवून मोकळी होशील, हे मला ठाऊक आहे. तुझ्या नवऱ्याच्या हाती कागदच देते. पडल्या पडल्या, थोडं थोडं वाच.

पाच वर्षं तू माझ्या हाताखाली सर्जिकल वॉर्डात काढलीस. नातेवाइकांना शांत करण्यात तुझ्याइतकी तरबेज पोर मी पाहिली नाही. "सगळं नॉर्मल आहे, काळजी करू नका, बाहेर बसा." हे वाक्य तू माझ्याकडूनच उचललंस, आणि मी माझ्या सिस्टरकडून. रिटायर झाल्यावर मला उमगलं, की त्या वाक्यातलं ऐकणाऱ्याला कळतं ते फक्त 'बाहेर बसा'. आता तू तेच तुझ्या सात वर्षांच्या पोराला ऐकवतेयस, तेही बसलेल्या आवाजात. तो कसा विश्वास ठेवणार?

आधी आवाजाचंच बघ. भूल देताना श्वासासाठी घशात नळी घातली होती, तिने घसा हुळहुळा झालाय, दोन-चार दिवसांत सुटेल. तुझ्या दृष्टीने यात सांगण्यासारखं काहीच नाही, म्हणून तू सांगितलं नाहीस. पोराने मात्र स्वतःच कारण शोधलं. सासूबाई सांगत होत्या, त्याला वाटतंय की तू खूप रडलीस म्हणून आवाज गेला. दोन दिवस तो या समजुतीवर जेवतोय. आज संध्याकाळी पहिलं वाक्य तेच बोल.

एक युक्ती सांगते. ही पुस्तकातली नाही, घाटावरची आहे. गोदावरीला पूर आला की आपण नाशिककर काय विचारतो? क्युसेकचे आकडे पेपरवाल्यांना. आपण विचारतो, "दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं?" नदीतल्या त्या उभ्या मूर्तीच्या गुडघ्याला, कमरेला, छातीला, गळ्याला. २०१६ साली, २०१९ साली आलेले पूर आपल्याला त्याच मापाने आठवतात. कमरेला म्हटलं की घाटावरचा दुकानदार ओळखतो काय उचलायचं आणि काय राहू द्यायचं. 'काही पाणी नाही, घरी झोपा' असं कुणी सांगितलं, तर तोच दुकानदार रात्रभर डोळा लावणार नाही.

तुझ्या पोराने तो मारुती पाहिलाय. त्याला सांग, आईच्या दुखण्याचं पाणी परवा गळ्याला होतं, आज छातीला आहे. उद्या ओसरलं तर ओसरलं म्हण. चढलं तर चढलं म्हण, आणि डॉक्टरांनी त्यावर काय केलं तेही सांग. वॉर्डात आपण पेशंटला दहापैकी किती दुखतं ते विचारून चार्टवर लिहायचो. त्यात आणि यात फरक एवढाच, की हे माप त्याच्या डोळ्यांसमोर उभं आहे. एकदा माप मिळालं की तो तुझा चेहरा न्याहाळत बसणार नाही.

आता शब्दांचं. मोठी माणसं पोरांसमोर काय काय बोलतात ते तू ऐकलंच आहेस. 'पोट फाडलं' हा त्यातला पहिला. आधी दुर्बिणीने करायला घेतलं, पण आत फुटलेलं आणि पू पसरलेला, म्हणून पोट उघडावं लागलं. आपल्यासाठी ही एका ओळीची नोंद. शेजारच्या काकूंनी जिन्यात ती 'फाडलं' करून सांगितली. पोरगा जिन्यातच खेळत होता.

दुसरा शब्द 'भूल'. आपल्या भाषेची गंमत बघ, भूल म्हणजे चूकही आणि बेशुद्धीचं औषधही. एका पेशंटच्या मुलाने मला विचारलं होतं, "आईला भूल दिली म्हणजे कुणाची भूल झाली?" मी हसले होते. हसायला नको होतं. आणि 'आईला झोपवलं होतं' असंही सांगू नकोस, नाहीतर रात्री दिवा मालवला की हा डोळे मिटायला तयार होणार नाही. सांगायचं असं, की हे रोजच्या झोपेसारखं नाही, औषधाचं आहे, एक डॉक्टर सगळा वेळ उशाशी बसून श्वास आणि ठोके बघत होते, काम झाल्यावर त्यांनीच उठवलं.

तिसरा शब्द 'गावाला'. हा माझ्याच घरातला. १९९४ साली माझं गर्भाशय काढलं. मुलगी सहा वर्षांची. पोर कशाला घाबरवायची म्हणून मीच घरच्यांना बजावलं, की आई सिन्नरला मामाकडे गेलीय म्हणून सांगा. मी सिस्टर, मला सगळं कळतं! आदल्या वर्षी तिचे आजोबा वारले होते, तेव्हाही तिला आम्ही हेच सांगितलं होतं, आजोबा गावाला गेलेत. हे माझ्या डोक्यातच आलं नाही. आठवड्याने घरी आले तर तिच्या दप्तरात माझी एक साडी, घडी करून. वह्या काढून ठेवलेल्या. शाळेत बाईंनी विचारलं तर म्हणाली होती, वास जाईल म्हणून. आज ती छत्तिशी ओलांडून पुढे गेलीय, पुण्यात असते. फोनवर मी नुसतं खोकले तरी म्हणते, "काही नाही म्हणू नकोस, खरं सांग."

पोराच्या मनात अजून एक गोष्ट असू शकते. तो आपण होऊन बोलणार नाही, तुलाच काढावी लागेल. दुखायला लागलं त्या रात्री तो तुझ्या कुशीत झोपला होता ना? झोपेत लाथा मारतो, हे तूच मला सांगितलेलंस. त्यात कुणीतरी म्हणालंच असणार, "आईला त्रास देतोस, म्हणून ती आजारी पडली." या वयाची पोरं घरातल्या प्रत्येक संकटाचा धागा स्वतःपर्यंत नेऊन जोडतात. त्याला सरळ सांग, की पोटात मोठ्या आतड्याला करंगळीएवढी एक पिशवी असते, एका टोकाला बंद. तिचं तोंड आतून अडकलं, ती सुजली आणि फुटली. बाहेरून लागल्याने नाही, लाथेने नाही, दंग्याने नाही. 'लाथ' हा शब्द तू स्वतःहून उच्चार. त्याला विचारावा लागू नये.

भेटीला कधी आणायचं? नाकातली नळी निघेपर्यंत थांब, असं माझं मत. तुला ती नुसती आरटी, पोटातलं पाणी काढायची नळी, पण पोराला आईच्या नाकातून हिरवं पाणी पिशवीत जाताना दिसेल. पोटातला पू बाहेर काढणाऱ्या ड्रेनची पिशवी चादरीखाली घेता येते, नाक झाकता येत नाही. काही सिस्टर म्हणतील, आहे तसं दाखवावं, पोरं धीट असतात. असतात, पण एक दिवस थांबल्याने काही बिघडत नाही. तोवर फोटो पाठव. स्वतःचा नको, खोलीचा. खिडकी, सलाईनचा स्टँड, पलंगाचं हँडल फिरवणारे वॉर्डातले मामा (त्यांना विचारून). यायच्या आधी नवऱ्याने रिक्षात त्याला सांगावं, की आईच्या हाताला सुई चिकटवलेली असेल, आई बारीक दिसेल, हसताना पोट धरेल. अंगावर उडी नाही, सुई नसलेल्या बाजूला उभं राहायचं, आधी हात धुवायचे. पंधरा मिनिटं पुरेत. कंटाळायच्या आत निघू दे.

आणि त्याला काम दे. तो श्वासाच्या व्यायामाचा तीन बॉलचा स्पायरोमीटर तू खणात टाकला असशील, मला माहीत आहे. सिस्टर लोकांइतके आळशी पेशंट नसतात! पोट दुखतं म्हणून वरच्यावर श्वास घेत राहिलीस, तर फुप्फुसाच्या तळाशी कफ साठेल, ताप येईल, हे तू शंभर जणांना दरडावून सांगितलंयस. आता पोराला पंच कर. "किती बॉल वर गेले?" हे त्याने मोजायचं, वहीत लिहायचं. फोनवरही मोजता येतं. दोनाचे तीन झाले की आई बरी होतेय, हे त्याला कुणी समजवायला नको, त्याच्याच वहीत असेल. तुझ्या फुप्फुसांचंही भलं होईल.

धाकटीला हॉस्पिटलात आत सोडणार नाहीत बहुधा. त्यावरून सिक्युरिटीशी वाद घालू नका, तीन वर्षांच्या लेकराला तिथला संसर्ग नको. तिच्यासाठी तुझी वापरलेली ओढणी घरी पाठव, न धुता. ती फोनवर तुझ्याशी बोलणार नाही, पाठ फिरवेल, कदाचित घरी आल्यावरही दिवसभर आजीलाच चिकटेल. रुसवा आहे तो. ज्याच्यावर हक्क असतो त्याच्यावरच पोर रुसतं. अंथरूण ओलं करायला लागली तर कुणी ओरडू नये एवढं नवऱ्याला सांगून ठेव. बसेल घडी हळूहळू.

वचन कोणतं द्यायचं, याबाबत मी कडक आहे. 'रविवारी घरी येते' म्हणू नकोस. ताप, पोटाची हालचाल, ड्रेनमध्ये काय येतंय, यावर डिस्चार्ज ठरतो आणि यातलं काहीच तुझ्या हातात नाही. संध्याकाळी सातचा फोन हातात आहे. तो सातलाच कर, पाच मिनिटांचा का होईना. ग्लानीत असशील तर नवऱ्याने सातला लावून सांगावं, की आई झोपलीय, पाणी कमरेला आहे. डिस्चार्जच्या दिवशीही 'सकाळी' म्हणू नकोस. फाइल, बिल, मेडिक्लेमची मंजुरी, यात दुपार कशी जाते ते तू काउंटरच्या अलीकडून पाहिलंयस, आता पलीकडून बघशील. पोराला 'अंधार पडल्यावर' सांग. उजेडात पोचलीस तर त्याचा बोनस.

आता मोठ्यांकडे वळते. सासूबाईंना पाण्याच्या मापापेक्षा एकच बातमी हवीय, 'जेवली का?' आणि आतडी जागी होईपर्यंत तोंडाने काही द्यायचं नाही, हे त्यांच्या गळी उतरत नाही. साजूक तुपातला शिरा करून त्या तयार बसल्यात. त्यांना कारण सांग, की पोटात पू होता, आतडी रुसून बसलीत, वारा सरला की उठली म्हणायची. मग बघ, घरात सगळ्यात मोठी आनंदाची बातमी कोणती होते ती! लाजू नकोस. आपण राउंडला रोज सकाळी "गॅस पास झाला का?" असं सगळ्या वॉर्डाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने विचारत होतोच ना?

नवऱ्याला मात्र धीर देत बसू नकोस. तो गंगापूर रोडवरून ऑफिस, घर आणि हॉस्पिटल अशा चकरा मारतोय, त्याला ऐकून घेणारं कुणी नाही. रात्री बाकड्यावर बसला की 'तू जा घरी, मी ठीक आहे' म्हणून त्याला हाकलू नकोस. दुखतंय तर दुखतंय म्हण. उठताना हात दे म्हण. आज चालायचंय ना तुला कॉरिडॉरमध्ये? पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून तू पेशंटना दुसऱ्या दिवशीच उभं करायचीस. त्याच्या खांद्याला धरून चाल, सिस्टरला बोलावू नकोस. त्या खांद्याला काहीतरी काम हवंय.

घरी आल्यावरची एकच गोष्ट आत्ताच सांगून ठेव, कारण तेव्हा उशीर झालेला असतो. चार ते सहा आठवडे जड उचलायचं नाही, तुझे सर्जन नेमके किती म्हणतात ते विचार. धाकटी बारा-तेरा किलोंची असेल. दारात ती हात वर करून येणार आणि तू वाकणार, हे मला आत्ताच दिसतंय. तिला रोज फोनवर सांगत राहा, की आई बसेल आणि तू शेजारी चढून बसायचं. एक उशी दोघींच्या मध्ये. खोकताना पोटाशी धरतेस तीच घे, तिला नाव दे, गादीवरून तिला आणायला धाकटीलाच पाठव.

डब्यात फक्त नवऱ्यासाठी भाकरी आणि मुगाची उसळ आहे. तू वासही घेऊ नकोस.

तुझी,
मोठ्या सिस्टर

ता. क. कुकरची नवी रिंग कुठे ठेवलीस? सासूबाई तीन दिवस पातेल्यात डाळ शिजवतायत. तुला त्रास नको म्हणून विचारायचं नाही, असं घरात ठरलंय. सातच्या फोनला सांग त्यांना.