जुन्या तंतुवाद्याची हाताने घडवलेली प्रतिकृती मूळ वाद्यासारखीच वाजते का?

इंग्लंडमधील सटन हू येथे सापडलेल्या लायरची (लायर म्हणजे चौकटीवर तारा ताणलेले, हातात धरून वाजवायचे प्राचीन तंतुवाद्य) प्रतिकृती विकत घेतल्यास मूळ वाद्याचाच आवाज ऐकायला मिळेल का, असे आपण विचारले आहे. मी अशी लायर वाजवतो. माझ्या मते आकाराची खात्री बऱ्याच अंशी देता येते, आवाजाची मात्र तितकी देता येत नाही.

१९३९ साली सटन हू येथे, म्हणजे इंग्लंडच्या सफोक परगण्यात, सातव्या शतकातील नौका-दफनात (मृताला नौकेसह पुरलेल्या जागी), मेपलच्या लाकडाचे काही तुकडे आणि पक्ष्यांची डोकी कोरलेल्या, सोन्याचा मुलामा दिलेल्या दोन पट्ट्या सापडल्या. उरलेला सांगाडा अनुमानानेच पुरा करावा लागल्यामुळे पहिली प्रतिकृती हार्प या वेगळ्या तंतुवाद्याच्या रूपात घडवली गेली. पुढे फेरतपासणी होऊन, १९७० च्या सुमारास, ते अवशेष सहा तारांच्या लायरचे आहेत असे ठरले. यात कारागिराचा दोष नव्हता. हाती आलेले लाकूडच फार थोडे होते.

जर्मनीतील ट्रॉसिंगन येथे २००१-०२ च्या हिवाळ्यात, इ.स. ५८० च्या सुमाराच्या थडग्यातून, जवळजवळ अखंड लायर निघाली आणि कारागिरांना भक्कम आधार मिळाला. सुमारे ८० सेंटिमीटर लांबीच्या या मेपलच्या वाद्याच्या दर्शनी बाजूवर भालाईत योद्धे कोरलेले आहेत. सहा खुंट्याच नव्हे, तर घोडीदेखील (तारा जिच्यावर टेकतात तो तुकडा) टिकून आहे. खुंट्यांपैकी चार ॲशच्या आणि दोन हेझलच्या लाकडाच्या आहेत. वाजवता वाजवता मोडलेल्या खुंट्या कोणीतरी बदलल्या असाव्यात, असे मला वाटते, आणि म्हणूनच हे वाद्य मला केवळ शोभेची वस्तू वाटत नाही.

तारा मात्र एकाही ठिकाणी उरलेल्या नाहीत. त्या आतड्याच्या होत्या की घोड्याच्या केसांच्या, त्या कशा जुळवत, हे प्रत्येक कारागीर अंदाजानेच ठरवतो. नवव्या शतकाच्या अखेरीस हुक्बाल्ड या ख्रिस्ती साधूने सहा तारांच्या वाद्यासाठी दिलेली स्वरांतरे आपल्या शुद्ध सा ते ध अशीच आहेत आणि मीही तशीच जुळवणी करतो. पण तो ट्रॉसिंगनच्या वादकानंतर तीन शतकांनी लिहीत होता.

घेण्यापूर्वी कारागिराला तीन गोष्टी अवश्य विचारा: प्रतिकृती नेमक्या कोणत्या अवशेषावरून केली, खोका अखंड लाकडातून कोरला की प्लायवूड चिकटवून केला, आणि तारा कशाच्या आहेत. नायलॉनच्या असतील तर आतड्याच्या तारा बसवून मागा, कारण त्यांचा किंचित खरखरीत, लवकर विरणारा स्वर नायलॉनवर मिळत नाही.