दोन देशांचे बँड, एक गाणं: नव्या श्रोत्यासाठी

दोन बँडनी मिळून केलेल्या गाण्यावर थेट उडी मारू नका. आधी दोन्ही बँडची प्रत्येकी तीन गाणी ऐका, नाहीतर कोणाचं काय आहे ते कळणारच नाही.

मग पहिली जोडी म्हणून यू२ (आयर्लंड) आणि ग्रीन डे (अमेरिका) यांचं २००६ सालचं ‘द सेंट्स आर कमिंग’ घ्या. मूळ गाणं स्कॉटलंडच्या स्किड्स या बँडचं, १९७८ सालचं, तेही ऐकाच. चाल तीच राहून वजन कुठे बदललं, ते तुलनेतच उमगतं. मात्र दोन्ही सारख्या आवाजात लावा. जे मोठ्यानं वाजतं तेच कानाला सरस वाटतं, आणि इथेच बहुतेकांची फसगत होते.

पहिल्यांदा फक्त गायक ऐका: ओळ कुठे एकाकडून दुसऱ्याकडे जाते, कुठे दोघं एकत्र येतात. दुसऱ्यांदा गिटार. यू२चा गिटारवादक एज, त्याची ओळख म्हणजे डिले: एकच सूर ठरावीक अंतरानं परत येतो. मिनिटाला १२० ठोक्यांच्या गाण्यात पाऊण ठोक्याचा डिले ३७५ मिलिसेकंदांचा होतो. म्हणून हात थोडंच वाजवतो आणि कानाला दुप्पट ऐकू येतं. ग्रीन डेचा बाज उलटा, भरीव पॉवर कॉर्ड, म्हणजे मूळ सूर आणि त्याचा पंचम एकदम वाजवणं. हे दोन पोत वेगळे ओळखता येणं, खरी मजा त्यातच आहे!

तिसऱ्यांदा बास आणि ड्रम. हेडफोन हवेतच, फोनच्या स्पीकरमधून बासचे खालचे सूर जवळपास गायब होतात.