बी.कॉम. झालोय, चार वर्षं यवतमाळकडच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, वजनकाट्यावर पावत्या फाडतोय. इथून बाहेर कसं पडू?

हंगाम संपेपर्यंत नोकरी सोडू नका, तोवर जीएसटीसह टॅली आणि एक्सेल पक्कं करा, आणि बायोडाटा नव्याने लिहा. मी अकोल्यात एका डाळमिलचे हिशोब पाहतो, नव्या पोरांच्या मुलाखतीही घेतो. पोरं घोळ घालतात तो बायोडाट्यातच. 'काट्यावर काम' एवढं लिहिलं तर आम्हाला हमाल-मापाडी वाटतो. तेच असं लिहा: दिवसाला किती गाड्यांचं भरलं-रिकामं वजन घेता, ओलावा किती टक्क्यांपर्यंत चालतो, कटती (वजनातली वजावट) कशी लावता, कास्तकाराचा चुकारा, म्हणजे मालाचे पैसे, किती दिवसांत निघतो. आकडे तुमच्याच वहीतले हवेत, फुगवलेले दुसऱ्या प्रश्नालाच उघडे पडतात. कास्तकाराकडून घेतलेल्या कापसावर जीएसटी रिव्हर्स चार्जने खरेदीदार भरतो, हे मुलाखतीत नोंदीसकट सांगता आलं की निम्मं काम झालं. एक्सेलमध्ये व्हीलुकअप आणि पिव्होट टेबल पुरे, महागडा कोर्स नको. हो, व्हॉट्सॲपचा डीपीही बदला, बुलेटवर गॉगल घातलेला फोटो मालक लोक बघतात बरं!

मात्र डोळा सरकारी लिपिकाच्या जागेवर असेल तर हे फारसं कामाचं नाही. तिथे शासनमान्य टायपिंग प्रमाणपत्र लागतं, मराठी ३० किंवा इंग्रजी ४० शब्द प्रतिमिनिट. मग आधी त्याचाच क्लास लावा.